मुलांच्या फोनला कुलूप कुठलं लावावं? फॅमिली लिंक, स्क्रीन टाइम की पैसे भरून काही?

कंदीपोहे | सोमवार, रात्री ११.०४

नमस्कार मंडळी. या विषयावरचे जुने धागे वाचले, पण त्यातली निम्मी अ‍ॅप्स आता दिसतच नाहीत. म्हणून नवीन धागा काढतेय.

घरची परिस्थिती अशी: मुलुंड पूर्व, वन बीएचके. मी सकाळी आठच्या आत घर सोडते, परत यायला साडेसात होतात. पाऊस असेल तर विचारूच नका. नवरा शिफ्टमध्ये. घरी साबा (सासूबाई) असतात. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत (११ पूर्ण).

मुलाकडे माझा जुना अँड्रॉइड आहे. सिम नाही, घरच्या वायफायवर चालतो. मुलीकडे मावशीने दिलेला जुना आयफोन. शिवाय क्लासने दिलेला टॅब, साबांचा फोन, आणि नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप, ज्याला कुणीही हात लावायचा नाही (लावतात).

गेल्या बुधवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. चिरंजीव आले. "आई, तुझ्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल, वाचून दाखव ना." का, तर गेममधल्या चॅटवर एक 'दादा' भेटलाय आणि तो फुकट डायमंड देणार आहे. त्यासाठी माझा मोबाइल नंबर देऊन झाला होता, आता फक्त सहा आकडी ओटीपी हवा होता! हात ओले होते म्हणून फोन लगेच उचलला नाही, आणि तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवऱ्याचं म्हणणं, ही अ‍ॅप्स म्हणजे पैसे उकळायचे धंदे. मैत्रिणीचं म्हणणं, मुलांना न सांगता गुपचूप टाकून दे, सगळे मेसेज दिसतात. मला दोन्ही पटत नाही. जाणकारांनी सांगावं: फुकटचं पुरतं का? दोन वेगळ्या जातीचे फोन आहेत, त्यांना एकच काही चालेल का? आणि मुलांना सांगून टाकायचं की न सांगता?

घाईतली_आई | सोमवार, रात्री ११.१९

अगदी हेच विचारायचं होतं. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

तिरकस | सोमवार, रात्री ११.३१

आमच्या वेळी पॅरेंटल कंट्रोल दाराआड खुंटीला टांगलेलं असायचं. बॅटरी संपायची नाही, अपडेट लागायचं नाही. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

लॅमिंग्टन_रिटर्न | मंगळवार, सकाळी ७.४८

कंदीपोहे, अ‍ॅपचं नंतर बघू. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आहे का? नसेल तर हे वाचता वाचता लावा: सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. तो 'दादा' बहुतेक तुमचं व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या फोनवर उघडत होता. तो कोड मिळाला असता तर संध्याकाळपर्यंत तुमच्या सगळ्या नातेवाइकांना "अर्जंट पैसे पाठव" असे मेसेज गेले असते. पिन लावलेला असला की नुसत्या ओटीपीने काम भागत नाही.

आता मूळ प्रश्न. एक पैसाही भरण्याआधी, फोनसोबत जे फुकट आलंय ते वापरून संपवा.

मुलाच्या अँड्रॉइडसाठी गूगलचं फॅमिली लिंक. पण त्या फोनमध्ये आत्ता तुमचंच जीमेल आहे ना? बहुतेक घरांत तसंच असतं आणि गाडी तिथेच घसरते. तुमचं अकाउंट म्हणजे गूगलच्या लेखी तो एक नोकरदार बाई आहे, आणि यूट्यूब त्याला तसंच वागवणार. शिवाय तुमचे फोटो, तुमचं सेव्ह केलेलं कार्ड, सगळं त्याच्या हातात. फोन रिसेट करा, त्याच्या खऱ्या जन्मतारखेने त्याचं वेगळं अकाउंट तुमच्या देखरेखीखाली उघडा आणि मग फोन सुरू करा. जन्मसाल वाढवून टाकायचा मोह होईल, कारण गेम पटकन सुरू होतात. टाकू नका.

मग मिळतं ते असं. रोजची वेळमर्यादा, रात्रीची बंद वेळ, अ‍ॅपनिहाय मर्यादा, आणि नवीन अ‍ॅप टाकायचं झालं की परवानगी तुमच्या फोनवर. वेळ संपून फोन लॉक झाला तरी आलेला कॉल उचलता येतो. क्रोममध्ये अश्लील साइट अडवता येतात आणि त्याला इनकॉग्निटो (इतिहास न ठेवणारी खिडकी) उघडत नाही. यूट्यूबला तीन पायऱ्या आहेत: एक्सप्लोअर साधारण ९ वर्षांपासून, एक्सप्लोअर मोअर १३ पासून, आणि मोस्ट ऑफ यूट्यूब. पहिलीवर ठेवा, कुरकुर होईल.

मिळत नाही ते असं. गाळणी फक्त क्रोमला आहे, तेव्हा दुसरा कुठलाही ब्राउझर मंजूर करायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये काय चाललंय ते दिसत नाही. आणि गेममधलं चॅट फॅमिली लिंकला कळतच नाही, ते त्या गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. तुमचा 'दादा' आला तो याच दाराने. कुठलंही पॅरेंटल कंट्रोल घेतलं असतं तरी आला असता.

मुलीच्या आयफोनला स्क्रीन टाइम. २०१८ मध्ये आयओएस १२ सोबत आलं, सेटिंग्जमध्येच आहे. तुमच्याकडे आयफोन, आयपॅड किंवा मॅक नसेल तर लांबून काही करता येणार नाही, पण तिच्याच फोनवर बसून मर्यादा लावता येतात. त्याचा पासकोड फोन उघडायच्या पासकोडहून वेगळा ठेवा. विसरलात तर म्हणून तो अ‍ॅपलचं अकाउंट विचारेल, तिथे तिचं टाकू नका, नाहीतर ती दोन मिनिटांत कोड बदलून मोकळी. आणि 'कम्युनिकेशन सेफ्टी' चालू करा. नग्न फोटो आला किंवा पाठवायला घेतला तर फोन तो धूसर करून आधी विचारतो. तपासणी फोनच्या आतच होते, फोटो अ‍ॅपलकडे जात नाही.

क्लासचा टॅब सोडून द्या. तो क्लासच्या ताब्यात असतो, तुम्हाला त्यात काहीही टाकता येणार नाही. त्यात यूट्यूब का उघडतं, हे क्लासला विचारा मात्र. ऑफिसच्या लॅपटॉपला हात लावू नका. घरचा विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी आहे, पण त्याची गाळणी फक्त एजमध्ये चालते.

विकतचं: कस्टोडिओ, कॅस्परस्की सेफ किड्स वगैरे. सगळे फोन एकाच पानावर दिसतात, हा त्यांचा खरा फायदा. पण अ‍ॅपल बाहेरच्या अ‍ॅपना फार आत येऊ देत नाही. त्यामुळे एकच अ‍ॅप अँड्रॉइडवर वाघ आणि आयफोनवर मांजर होतं, पैसे दोन्हीकडे सारखेच. कॅस्परस्की रशियन कंपनी आहे, २०२४ मध्ये अमेरिकेने तिच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे अशी बंदी नाही, पण माहीत असावं म्हणून सांगितलं. कस्टोडिओचा फुकट प्लॅन एका फोनपुरता मिळतो, वाटलं तर चाखून बघा.

अजून एक, हे कुठल्या जाहिरातीत सांगत नाहीत. बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड फोनमधला बॅटरी सेव्हर मागे चालणारी अ‍ॅप्स मारून टाकतो. मग विकतचं अ‍ॅप दोन दिवस झोपलेलं असतं आणि आपल्याला वाटतं मुलगा सुधारला.

घाईतली_आई | मंगळवार, सकाळी ८.१५

"आपल्याला वाटतं मुलगा सुधारला" 😂 आत्ता जाऊन बघितलं. आमचं अ‍ॅप सप्टेंबरपासून झोपलंय.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १.३७

गुपचूप टाकण्याबद्दल. मी टाकलं होतं. नाव सांगत नाही. प्ले स्टोअरवर नव्हतं, त्यांच्या साइटवरून फाइल उतरवून टाकायचं होतं, आणि त्यासाठी प्ले प्रोटेक्ट (फोनमधली धोकादायक गोष्टी पकडणारी गूगलची तपासणी) बंद करायला सांगत होते. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. मुलगी १४ची. सहा महिने तिचे मेसेज वाचले. त्यात निघालं काय? वर्गातली भांडणं आणि आम्हा नवरा-बायकोबद्दल दोन-चार खरी वाक्यं.

एकदा जेवताना माझ्या तोंडून तिच्या मैत्रिणीचं असं काही निघालं, जे मला माहीत असायचं कारणच नव्हतं. तिने ताट बाजूला सरकवलं. भांडण केलं असतं तर परवडलं असतं. बोलायची थांबली. आता तिचा दुसरा कुठेतरी एक अकाउंट आहे हे मला माहीत आहे, आणि तो कुठे आहे हे माहीत नाही.

तांत्रिक बाजूही ऐका. मेसेज दाखवणारी ही अ‍ॅप्स बहुतेक अ‍ॅक्सेसिबिलिटीची (दिसायला-ऐकायला अडचण असलेल्यांसाठीच्या सोयीची) परवानगी घेऊन स्क्रीनवर दिसेल ते वाचतात. मेसेज वाचतात तसं बाकीचंही वाचू शकतात, आणि ते सगळं कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन पडतं. या धंद्यातल्या एमस्पाय नावाच्या कंपनीचा ग्राहक-सेवेचा डेटा २०२४ मध्ये फुटला. म्हणजे कोण कुणावर पाळत ठेवत होतं, ते बाहेर आलं. आपल्या मुलीचे मेसेज चोरांना आपणच नेऊन द्यायचे का?

पार्ल्याचे_आजोबा | मंगळवार, दुपारी ४.०२

धागा वाचून मौज वाटली आणि काळजीही. आमच्या घरी दिवसभर मीच पहारेकरी. पण पहारेकऱ्याला स्मार्टफोन नातवाने शिकवला आहे, तेव्हा तुम्हीच काय ते समजा.

२०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ठराव केला आणि संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. शिक्षक, आशाताई घरोघरी फिरत. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हे वाचून दाखवलं. सेक्रेटरी म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण सातला आपले निम्मे सभासद अंधेरीच्या पुलावर असतात.

सरकार यात काही करतं की नाही?

लॅमिंग्टन_रिटर्न | मंगळवार, संध्याकाळी ६.५५

करतंय, हळूहळू. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ च्या आतल्या सगळ्यांना बालक धरतो. मुलांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागेल आणि मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवता येणार नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना सोशल मीडियावर अकाउंटच ठेवू द्यायचं नाही असं ठरवलं आहे. त्यातलं काहीही कंदीपोहेंच्या मुलुंडच्या घरात आज रात्री उपयोगाचं नाही.

तिरकस | मंगळवार, संध्याकाळी ७.२०

भोंगा हेच एकमेव पॅरेंटल कंट्रोल, ज्याला वायफाय लागत नाही. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

अकरावी_सायन्स | मंगळवार, रात्री ११.५२

काका-काकूंनो, मी १६चा आहे आणि हे अकाउंट माझं स्वतःचं आहे, आईला माहीत आहे. राग मानू नका, पण तुम्ही दाराला कुलूप लावताय आणि खिडकीकडे कुणी बघतच नाही. आमच्या वर्गात चालतं ते सांगतो.

१. काही फोनमध्ये अ‍ॅपची जुळी प्रत बनवता येते, काहींत आख्खी दुसरी स्पेस उघडते, वेगळ्या पासवर्डची. अँड्रॉइड १५ पासून 'प्रायव्हेट स्पेस' आहे. आधी सेटिंगमध्ये हे शोधा.

२. ब्राउझर बंद केलात? कुठल्याही गेमच्या 'अबाउट'मध्ये जायचं, प्रायव्हसी पॉलिसी उघडायची, तिथल्या लिंकवरून लिंकवर जात गूगलपर्यंत पोचायचं. त्या खिडकीला तुमची गाळणी लागत नाही.

३. यूट्यूबची वेळ संपली की मित्राला सांगायचं, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. व्हिडिओ चॅटमध्येच चालतो.

४. गप्पा मारायला अ‍ॅप कशाला हवं? गूगल डॉक्सवर एक फाइल 'बायो प्रोजेक्ट' नावाने उघडायची आणि चौघांनी मिळून त्यात लिहायचं. आमच्या एका मित्राच्या आईने ती फाइल बघून त्याला शाबासकी दिली होती.

५. कपाटातला जुना फोन. तुम्ही विसरता, आम्ही नाही.

६. पिन. तुम्ही समोरच टाकता, काचेवर बोटांचे डागही राहतात. आणि पिन हा कायम कुणाच्यातरी वाढदिवसाचा असतो.

७. सगळ्यात सोपा बायपास म्हणजे आजी. आजीच्या फोनला ना पिन, ना लिमिट, ना हिशेब. आजी आईला सांगतही नाही, कारण आजीला एकटीला कंटाळा आलेला असतो आणि नातू शेजारी बसतो ना.

माझ्या आईने माझ्या फोनवर काय लावलंय ते मला दाखवलं होतं, हवं ते विचार म्हणाली होती. मी दोन गोष्टी काढून घेतल्या, तिने तीन ठेवल्या. त्या तीन मी तोडल्या नाहीत. तोडता आल्या असत्या.

घाईतली_आई | बुधवार, सकाळी ६.४०

बायो प्रोजेक्ट!! आमच्याकडे 'ईव्हीएस प्रोजेक्ट' नावाची फाइल आहे आणि सुट्टी सुरू आहे.

कंदीपोहे | बुधवार, रात्री १०.१२

अकरावी_सायन्स, तुझा सातवा मुद्दा वाचला आणि उठून साबांचा फोन हातात घेतला.

यूट्यूबची हिस्टरी: भजन, भजन, उपवासाची भगर, भजन, आणि मग रात्री १.५० ला 'झोंबी सर्व्हायव्हल, शंभर दिवस'. फोनचं ऐकायचं तर माझ्या सत्तरीच्या साबा मध्यरात्री झोंबी मारत होत्या. मुलगा त्यांच्याच खोलीत झोपतो. फिंगरप्रिंटमध्ये बघितलं तर दोन ठसे. एकाचं नाव 'आजी', दुसऱ्याचं 'आजी २'.

साबांना विचारलं. "अगं, तो झोपत नाही तर मीच देते, पांघरुणात बघतो, माझी झोपमोड होत नाही." वर म्हणाल्या, "आणि माझा यूपीआय त्यानेच चालू करून दिलाय, भाजीवाल्याला मी कधी सुट्टे शोधत नाही आता." म्हणजे बँकेशी जोडलेला फोन, मुलाच्या बोटाने उघडणारा, रात्री दोनला. त्याच फोनवर तो गेमही होता. 'दादा'शी ओळख कुठल्या फोनवर झाली, आता कळलं.

मी चार दिवस मुलाच्या फोनला काय लावू याचा अभ्यास करत होते. आता सांगा, साबांच्या फोनचं काय करू? त्यांना लिमिट लावू?

लॅमिंग्टन_रिटर्न | बुधवार, रात्री १०.४०

त्यांना लावू नका, 'आजी २' उडवा. यूपीआय पिन बदला, साबांनी स्वतः टाकायचा, तो शेजारी नसताना. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायचं चालू करा. त्यांच्या पेमेंट अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते ती उघडून बघा, गेमचं मासिक काही सुरू झालेलं असलं तर तिथे सापडेल. आणि मोठी रक्कम ज्या खात्यात आहे ते यूपीआयला जोडूच नका. भाजीपुरतं एक वेगळं खातं ठेवा.

पार्ल्याचे_आजोबा | गुरुवार, सकाळी ६.०५

एक अनुभवाची सूचना. वय झालं की बोटांच्या रेषा झिजतात, ठसा लागता लागत नाही. म्हणून आम्ही म्हातारी माणसं कंटाळून नातवाला म्हणतो, "तूच उघड." साबांच्या अंगठ्याचा एकच ठसा न घेता दोन्ही हातांची तीन-चार बोटं नोंदवा. 'आजी २'ची जागा आजींनाच द्या.

कंदीपोहे | गुरुवार, सकाळी ७.३१

आजोबा, हे कुठल्याही अ‍ॅपवाल्याने सांगितलं नसतं. 🙏

खडूफळा | गुरुवार, दुपारी ३.१८

मी शाळेत समुपदेशक आहे. तांत्रिक बाजू वर चांगली आली आहे, मी माझ्या टेबलाच्या बाजूने लिहिते.

तुमची दोन मुलं म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत. अकरा वर्षांच्या मुलाला कुंपण हवंच, आणि ते कुंपण आहे हे त्याला दिसायला हवं. पंधरा वर्षांच्या मुलीला तेच लावलंत तर ती वाट काढेल, वर अकरावी_सायन्सने नकाशा दिलाच आहे. तिच्या इन्स्टाग्रामवर जन्मतारीख खरी आहे का एवढं आधी बघा. भारतात फेब्रुवारी २०२५ पासून टीन अकाउंट आलं आहे: प्रोफाइल आपोआप खासगी, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद. १६ च्या आतल्यांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण वय खोटं टाकलेलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' हे 'माझे कॉन्टॅक्ट्स' करा. शाळेच्या ग्रुपवरून भलत्याच ग्रुपमध्ये ओढली गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

माझ्याकडे मुलं येतात ती उशिरा येतात. कुणीतरी फोटो मागितला, एक पाठवला, मग "अजून पाठव नाहीतर सगळ्यांना दाखवीन". घरी का सांगितलं नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "फोन काढून घेतील." त्यांच्या डोक्यात ती शिक्षा धमकीपेक्षा मोठी असते. त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर टाकण्याआधी मुलांना एक वाक्य शब्द देऊन सांगा: असलं काही घडलं आणि तू सांगितलंस तर फोन जाणार नाही. आणि मग तो शब्द खरंच पाळावा लागतो. ते सगळ्यात अवघड.

तसं घडलंच तर पैसे द्यायचे नाहीत, दुसरा फोटो पाठवायचा नाही, चॅट पुसायचं नाही. स्क्रीनशॉट काढा, समोरच्याचं अकाउंट टिपून घ्या, मग ब्लॉक. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. मुलांची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास. अल्पवयीन मुलाचा असा फोटो बाळगणं, पसरवणं हा पॉक्सो आणि आयटी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा "पुरावा म्हणून" तो फोटो सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर टाकू नका. हे मी उगाच सांगत नाहीये.

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी ३.४४

खडूफळा, माझं जे झालंय ते कसं दुरुस्त करायचं?

खडूफळा | गुरुवार, दुपारी ३.५९

अ‍ॅप काढलंत का? तिच्या समोर काढा. माफी मागताना "पण तुझ्या भल्यासाठी" हे शब्द गाळा. नंतर काही महिने काही विचारू नका. व्यनि (खासगी निरोप) करा, सविस्तर बोलू.

केबलवाला_नव्हे | गुरुवार, रात्री ९.२७

राउटरचा विषय कुणी काढला नाही अजून. घरच्या वायफायवर जे जे चालतं त्या सगळ्याला एकाच जागी गाळणी लावता येते, साबांचा फोन आणि मुलगी दोन्ही त्यात. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) जागी १.१.१.३ आणि दुसरा १.०.०.३ टाकायचा (आकडे इंग्रजीत). क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा आहे, २०२० पासून. अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट उघडतच नाहीत. १.१.१.२ टाकलात तर फक्त व्हायरस अडतील, तेवढा एक आकडा नीट बघा.

मर्यादा सांगून ठेवतो. मोबाइल डेटावर गेलं की राउटरचा संबंध संपला. व्हीपीएनने (नेटची वाट दुसरीकडून वळवणारी सोय) तर तो ओलांडता येतोच. आणि यूट्यूबवर काय बघतोय हे त्याला कळत नाही, साइट उघडायची की नाही एवढंच तो ठरवतो. राउटरमधून "या फोनला रात्री दहानंतर नेट नाही" असं लावलंत तर फोनमधला वायफायचा 'रँडम मॅक' (फोनचा ओळख-क्रमांक बदलत राहणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर फोन नवीन वेश घेऊन परत आत येतो.

आपल्याकडे राउटर केबलवाल्याचा पोरगा येऊन लावून जातो आणि लॉगिन त्याच्याकडेच असतं. फोन करून मागून घ्या, देतात.

घाईतली_आई | गुरुवार, रात्री ९.५०

केला फोन. "मॅडम, डीएनएस कशाला, स्पीड कमी येतोय का?" असं विचारून २०० रुपये सांगितले.

कंदीपोहे | तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, संध्याकाळी ७.१४

अपडेट द्यायचं राहिलं होतं. गाडीत उभ्याने टाइप करतेय, चुका समजून घ्या.

विकत काही घेतलं नाही. मुलाचा फोन रिसेट करून फॅमिली लिंक, तो शेजारी बसलेला असताना. रोज दीड तास, रविवारी अडीच. रात्री साडेनऊला बंद. गेम राहिला, चॅट गेलं. पहिले चार दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं. पाचव्या दिवशी खाली खेळायला गेला आणि सोसायटीच्या 'येथे खेळण्यास मनाई' पाटीखाली क्रिकेट खेळताना वॉचमनने पकडून वर आणला. त्याला मी काय बोलणार होते?

मुलीच्या आयफोनला स्क्रीन टाइम लावला, पण तिच्याशी वाटाघाटी करून. तिने लिहूनच आणलं होतं. दहावी संपेपर्यंत इन्स्टा अर्धा तास हे तिने स्वतः घातलं, मी एक तास म्हणणार होते. बदल्यात मी तिचे मेसेज वाचायचे नाहीत. जन्मसाल अर्थातच खोटं होतं, गूगलच्या लेखी माझा मुलगा बाई तशी इन्स्टाच्या लेखी माझी मुलगी २३ची. खरं टाकायला तीन संध्याकाळी गेल्या.

साबांचे चार ठसे. त्यांच्या ऑटोपेत महिना ८९ रुपयांचं एक काहीतरी निघालं, पाच महिन्यांपासून चालू. त्या म्हणाल्या, बँक कापते ना असे काहीबाही, मला वाटलं त्यातलंच. आता रात्री त्यांचा फोन आमच्या खोलीत चार्जिंगला असतो. मुलगा पांघरुणात काय करतो? आजीकडून गोष्ट ऐकतो म्हणे. मला शंका आहे, पण दार उघडून बघत नाही.

न सुटलेलं: क्लासचा टॅब. विचारलं तर म्हणाले, "यूट्यूबवर आमचीच लेक्चर्स आहेत मॅडम." आणि तिसऱ्या मजल्यावरचा मित्र, ज्याच्या घरी काहीच नियम नाही. चिरंजीव हल्ली तिथे 'अभ्यासाला' जातात. यावर कुठलं अ‍ॅप असेल तर सांगा.

आत्ता भांडुपला नोटिफिकेशन आलं, अजून १५ मिनिटं मागतोय. मॅचचे शेवटचे दोन ओव्हर आहेत, दिली. मीही तीच मॅच शेजारणीच्या फोनवर बघतेय.

अकरावी_सायन्स | शुक्रवार, संध्याकाळी ७.३०

काकू, 'माझे मेसेज वाचायचे नाहीत' हे मंजूर केलंत? रिस्पेक्ट.

लॅमिंग्टन_रिटर्न | शुक्रवार, रात्री ८.०२

छान. राउटरमध्ये १.१.१.३ टाकलात ना? आणि राउटरचा स्वतःचा लॉगिन पासवर्ड बदललात?

कंदीपोहे | शुक्रवार, रात्री ८.४१

टाकला. आणि लॉगिन... अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच आहे अजून. थांबा, आलेच.